वैशाखातल्या शेळ्या

१

बन्सी दारात आला, पण चपला काढेना. तेव्हाच आशाबाईंनी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. चौथीत असताना फळा पुसायचं फडकं हरवलं, तेव्हाही हा असाच उंबऱ्याबाहेर थांबला होता.

"बोल," त्या म्हणाल्या.

"बाई, झऱ्यावरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड गेलं."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेरा हाय जागंवर. पट्टा हाय, सेल हायेत. झाकणसुद्धा नीट लावलंय. नुसतं कार्ड नाय."

आशाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. वेरूळच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी नियमाने केल्या होत्या. सकाळी लेण्यांच्या रस्त्याने फिरणं आणि उंबरदरीचे फोटो निवडणं. गावापासून थोड्या अंतरावरच्या या दरीत संभाजीनगरच्या एका अभ्यास गटाने दोन ट्रॅप कॅमेरे बांधले होते. झाडाला पट्ट्याने बांधलेला विटेएवढा डबा, समोरून काही ऊबदार हललं की आपोआप फोटो काढणारा. एक कॅमेरा दरीत शिरणाऱ्या वाटेवर होता, तर दुसरा आत झऱ्यापाशी, आधी उघड्या उन्हात आणि गेल्याच आठवड्यात उंबराच्या गार सावलीत हलवलेला. बन्सी रोज सकाळी फेरी मारायचा आणि आठवड्याला कार्ड बदलून बाईंकडे आणून द्यायचा. मग बाई लॅपटॉपवर एकेक फोटो बघून वेगळा काढायच्या. हरणं, रोही म्हणजे नीलगाई, साळिंदर, तरस. वाऱ्याने हललेलं गवतही असायचं, आणि ते फारच असायचं. थंडीत त्यात मालनबाईच्या शेळ्यांची भर पडली होती. शेकडो फोटो, आणि प्रत्येकात एखादी तरी शेळी कॅमेऱ्याकडे रोखून बघतेय. गटाच्या तनुजाने मालनबाईला तंबी दिली आणि होळीनंतर शेळ्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा बाईंच्या डोळ्यांना जरा विसावा मिळाला.

माणसांचे फोटो मात्र त्या वेगळे काढत नसत, पुसून टाकत. गेल्या वर्षी गावच्या एका पुढाऱ्याचा टमरेल घेऊन बसलेला फोटो कसा कोण जाणे बाहेर पडला आणि तालुकाभर मोबाइलवर फिरला. तेव्हापासून नियमच झाला की माणूस दिसला की फोटो पुसायचा. हा नियम बाई, तनुजा आणि बन्सी सोडून कुणाला ठाऊक नव्हता. गावाला आठवत होता तो फक्त पुढारी.

"नेमकं हेच कार्ड," आशाबाई म्हणाल्या. "आता कानतुटीची वेळ भरली असताना."

कानतुटी ही चिंकारा हरणी. डाव्या कानाला खाच असलेली. दोन वर्षं बाई तिला बघत होत्या, फक्त फोटोत. प्रत्यक्षात एकदाही नाही. फाल्गुनात तिचं पोट दिसायला लागलं होतं.

दुपारपर्यंत तनुजा शहरातून स्कूटरवर येऊन पोचली. चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिने पाणी पिऊन वाटेवरचं कार्ड लॅपटॉपला लावलं. दोघींनी सगळा आठवडा पाहून काढला. साळिंदर दिसलं, रोह्यांची एक जोडी दिसली, मुंगूस दिसलं. आणि रोज सकाळी, इस्त्रीच्या खाकी शर्टात, बन्सी.

"दुसरं कुणी?" बन्सीने मागून विचारलं.

तनुजाने सगळा आठवडा पुन्हा एकदा मागे नेऊन पाहिला. "दरीत शिरायला दुसरी वाट नाही ना?"

"नाय ताई. दोन्हीकडून कडा हाय."

"फाल्गुनात आपल्याला तिथं फासा सापडला होता, आशाताई," ती हळू आवाजात म्हणाली. "हरणासाठी लावलेला. आता नेमकं झऱ्यावरचं कार्ड जातं. कॅमेरा जात नाही, म्हणजे चोराला कॅमेरा नकोच होता. कुणीतरी काहीतरी झाकलंय. सोमवारी मला वन खात्यात अहवाल द्यायचाय. मी त्यात खोटं लिहू शकत नाही. वाटेवर आठवडाभरात एकच माणूस दिसतोय."

कुणीच त्याचं नाव घेतलं नाही. बन्सीने शर्टाची घडी उगाच सरळ केली. हॉटेलात बशा धुण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. हा शर्ट मिळाल्यापासून तो स्वतःच्या हाताने त्याला इस्त्री करायचा, बायकोलाही हात लावू द्यायचा नाही.

"बाई," तो म्हणाला, "मी नाय घेतलं."

"मी विचारलं का?" आशाबाई म्हणाल्या. "ऊन उतरलं की मला फरहानकडे ने."

२

फरहान लेण्यांवर गाइड होता. बिबट्याचा फोटो आधी मला द्या म्हणून तो वर्षभर बन्सीच्या मागे लागला होता. त्याचा स्वतःचा एक चॅनल होता आणि त्यावर बिबट्या नव्हता. बाईंच्या मनात त्याचं नाव पहिलं आलं ते म्हणूनच.

तो भावाच्या चहाच्या टपरीवर बाकावर आडवा पसरला होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

"सलाम बाई! माफ करा, उठता येत नाही."

"पाचवीतही येत नव्हतं. हे कधी?"

"खुलताबादच्या उतारावर, बाई. दोन आठवडे होत आले. गाडी एकीकडं, मी एकीकडं, मोबाइल तिसरीकडं. सगळ्यात आधी मोबाइल उचलला, अम्मी अजून त्याच्यावरनं बोलते."

"उंबरदरीत गेला होतास?"

"कुबड्या घेऊन?" तो हसला. "बाई, मी मोरीपर्यंत जातो तवा अम्मी दुआ मागते." मग बन्सीकडे बघून म्हणाला, "काय रे, कार्ड गेलं म्हणे? सगळ्या गावाला माहीत झालं. बिबट्या होता का त्यात?"

"गप की," बन्सी म्हणाला.

"बिबट्या नसला तरी चालेल. बाई, तो खंड्याचा फोटो तेवढा द्या ना. तुमच्या मोबाइलवर लावलाय तो. चोचीत मासा, पंखावर पाणी. मी काढायला गेलो असतो तर तलावावर चार दिवस बसावं लागलं असतं. तुमच्या डब्यानं बसल्या जागी काढला, नशीब बघा."

आशाबाईंनी अभिमानाने मोबाइलकडे पाहिलं. एप्रिलमधला फोटो होता. झऱ्याच्या कडेच्या दगडावर इवलासा निळा खंड्या आणि चोचीत चांदीच्या तुकड्यासारखा मासा. हा फोटो त्यांनी भाचीला, दूधवाल्याला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवला होता.

फरहान सुटला. तिथून दोघं आप्पासाहेबांच्या मळ्यावर गेले.

दरीच्या तोंडाशी त्यांची मोसंबीची बाग होती, मागे शेततळं. हरणांचा आणि रोह्यांचा बंदोबस्त करा असा अर्ज तहसिलात पडला होता, त्यावर पहिली सही आप्पासाहेबांची. ते पूर्वी शाळा समितीचे चेअरमन होते. बाईंचं आणि त्यांचं नळावरून, भिंतीवरून, घंटेवरून, असं एकूण तीस वर्षं भांडण चाललं होतं. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाच्या भाषणात रडले ते मात्र तेच.

"या बाई," लिंबाखालच्या खाटेवरून ते म्हणाले. "आता कशाला जागा पायजे? शाळा तर सोडली तुम्ही."

"चोर शोधतेय."

"मग इकडं कशाला आल्या? इकडं तर माझ्याच मालाची चोरी हुतीया. सालोसाल." त्यांनी मोसंबी कापून पुढे केलं. "खा. हरणांनी ठेवलं म्हणून तुमच्या वाट्याला आलं."

"अजून येतात का शेतात?"

"कुंपणाला विजेचं झटका मशीन लावलंय. शिमग्यापासून एक खूर आत पडला नाय. पर कुठवर टिकंल? ती तुमची कानतुटी, एकटी होती तवा काय कमी खाल्लं तिनं? आता पायात दोन घोळवत हिंडती. उद्या ती तिन्ही तोंडं मिळून माझं कुंपण खातील, मग मशीन, मग मला."

बन्सी हसला. बाईही हसल्या.

"तुम्ही दरीत शेवटचं कधी गेला होता?"

"म्या? हे गुडघे बघा." त्यांनी धोतर सारून गुडघा दाखवला. "मंडळी होती तवा गेलो असंल. तिला उंबरं लागायची, आमटीला."

मळ्यातून निघून दोघं मालनबाईच्या घराकडे वळले. मोसंबी गोड होतं, बोलणं नेहमीचंच होतं. तरी त्यात कुठेतरी बारीक काटा होता. चप्पल काढून झटकावी तशी त्यांनी सगळी भेट मनात उलटीसुलटी करून पाहिली. काटा काही सापडला नाही.

३

मालनबाई गोठ्याच्या दाराशी शेळीच्या खुराला हळद लावत बसली होती. दरीत शेळ्या नेल्या तर दंड होता. म्हणून कॅमेऱ्याचं काही वावडं असलं तर ते हिलाच. बाईंनी आडवळण घेतलंच नाही.

"मालन, शेळ्या कुठं पाजतेस गं पाणी?"

"गावच्या हौदावर." उत्तर फार लवकर आलं.

"गावचा हौद चैत्रापासून कोरडा आहे."

मालनबाईने शेळीचा पाय सोडला. शेळी निघून गेली, ती मात्र तशीच बसून राहिली.

"बाई, तुमाला सगळं ठाव असून कशाला इचारता? तुमची लई मेहेरबानी हाय माझ्यावर. रोज दिवा लावताना नाव घेते मी तुमचं."

"माझं? कशासाठी?"

"आता मीच बोलू व्हय? बरं." तिने पदराने हात पुसले. "रोज भर दुपारी, बाराला नेते मी शेळ्या झऱ्यावर, तासाभरात परत. त्या येळेला दरीत कुत्रं फिरकत नाय. वाटेवरच्या डब्यासमोरनंच जाती, दुसरी वाट कुठंय? पहिल्या दिवशी जीव असा धडधडला, म्हटलं आता त्या ताईंचा फोन येतोय. नाय आला. दुसऱ्या दिवशी नाय, तिसऱ्या दिवशी नाय. तवा माझ्या ध्यानात आलं, बाई पुसत असणार. गरिबाच्या शेळ्या म्हणून बाई पुसत्यात."

आशाबाई बघतच राहिल्या.

"रोज जातेस?"

"होळीपासनं."

"या आठवड्यात?"

"रोजच. आजबी गेले की."

"मालन," बाई म्हणाल्या, "मी एकही शेळी पुसलेली नाही. होळीपासून तुझी एक शेळी माझ्या डोळ्यांना दिसलेली नाही."

मालनबाई आधी घाबरली, मग तिने आकाशाकडे बघून हात जोडले. बाईंना मात्र दुसऱ्याच गोष्टीने धडकी भरली होती. थंडीत ज्या कॅमेऱ्याने हिच्या शेळ्यांचे शेकडो फोटो काढले, तोच कॅमेरा आता अख्ख्या कळपाकडे डोळेझाक करत होता. आणि शेळ्यांच्या मागून चालणारी ही जिवंत, धडधाकट बाईही त्याला दिसत नव्हती.

मग आणखी कोण दिसलं नव्हतं?

४

त्यांनी तनुजाला फोन लावला.

"आशाताई, असं होऊ शकतं," सगळं ऐकून ती म्हणाली. "कॅमेरा माणूस बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. थंडीत शेळी गरम आणि मागचं सगळं गार, म्हणून लगेच फोटो. वैशाखात दुपारी हवा, माती आणि अंग जवळजवळ सारखीच तापलेली. फरकच राहत नाही. दर वेळी होईल असं नाही, पण जुना कॅमेरा असेल आणि जागा उघड्यावर असेल तर बरेचदा फसतो. मी वाचलं होतं हे. पण भर दुपारी तिथं कोण जातंय, म्हणून सोडून दिलं."

"मीही सोडून दिलं. मला वाटलं, प्राणी सावलीत बसले असतील."

"पण 'होऊ शकतं' एवढ्यावर अहवाल बदलता येत नाही."

"उद्या रविवार. करून बघते."

रविवारी दोनच्या उन्हात डोक्यावर ओला पंचा, त्यावर छत्री, अशा थाटात आशाबाई वाटेवरच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मग चालू लागल्या. गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. बन्सी मागून.

"बाई, हात हलवू का?"

"तू चोर आहेस असं समज आणि चाल."

"मला तसं समजून चालायला जमंना, बाई. लोकच समजायलेत."

त्यांनी कार्ड काढून मोबाइलला जोडलं. सकाळच्या फेरीतला बन्सी त्यात स्पष्ट होता, शर्टाच्या घडीसकट. त्यानंतर काही नाही. बाई नाहीत, छत्री नाही, दुसऱ्यांदा आलेला बन्सी नाही.

बन्सी खालीच बसला. "सुटलो व्हय मी?"

"अर्धा. कुणीही दुपारी येऊ शकतं हे कळलं. कोण आलं ते कळलं नाही. चल, झऱ्यावर."

झऱ्यावरचा कॅमेरा तनुजाने काढून नेला होता. उंबराच्या बुंध्यावर पट्ट्याची खूण तेवढी राहिली होती. सावली गार होती आणि झरा काठोकाठ भरलेला.

"यंदा आटला नाय बघा," बन्सी म्हणाला. "दर साली चैत्रातच खडखडाट होतो. देवाची कृपा."

बाई पाण्याकडे बघत होत्या. तळाशी सावली हलली, मग दुसरी. बोटाएवढे मासे होते.

त्यांनी मोबाइल काढला. पडद्यावर खंड्या होता, चोचीत मासा. महिनाभर त्यांनी हा फोटो कुणाकुणाला दाखवला होता आणि एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की दर उन्हाळ्यात आटणाऱ्या झऱ्यात मासा येईल कुठून? 'तलावावर बसावं लागलं असतं,' फरहान म्हणाला होता. मासा तलावात असतो, तळ्यात असतो. हा इथे वाहून आला असणार, आणि वाहून यायला पाणी लागतं.

"बन्सी, त्या मुळाखाली हात घाल."

त्याने कोपरापर्यंत हात घातला, पालापाचोळा बाजूला केला आणि थबकला. मुळाखालून काळ्या नळीचं तोंड बाहेर आलं होतं. बागेत पुरतात तसली.

"कोरडी हाय," तो म्हणाला. "सकाळी मी रोज इथं बसतो, बाई. कधी थेंब गळताना—"

नळीच्या आत गुळगुळ झाली. तिने हवा सोडली, दोनदा खोकली आणि भळकन पाणी ओकायला लागली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आत्ता, या क्षणी, तोटी फिरवली होती.

"आडोशाला," आशाबाई कुजबुजल्या. "आणि शिंकू नकोस."

५

उंबराच्या मागच्या दगडाआड बसून बाईंना काटा सापडला.

आता पायात दोन घोळवत हिंडती.

कानतुटी व्याली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बन्सीला नाही, तनुजाला नाही, रोज तिची वाट बघणाऱ्या आशाबाईंनाही नाही. ती व्याली असेल तर याच आठवड्यात, आणि हा आठवडा त्या हरवलेल्या कार्डात होता. शेतात तर शिमग्यापासून खूर पडला नव्हता, हे त्याच तोंडाने सांगितलेलं. मग दोन पिल्लं मोजली कुठून? आई पिल्लांना गवतात दडवून ठेवते. ती दिसतात ती फक्त पाण्यावर, आणि तीही गप्प बसून राहणाऱ्याला.

वाटेवर पावलं वाजली. दमदार पावलं, गुडघे शाबूत असलेल्या माणसाची.

आप्पासाहेब आले. सरावाने वाकून त्यांनी नळीचं तोंड चाचपलं, पाण्याची धार बघून घेतली, पाला पुन्हा वर ओढला. मग झऱ्यापासून थोडं दूर, बुंध्याला टेकून बसले. रुमाल काढून मांडीवर ठेवला. आणि काहीच केलं नाही.

बराच वेळ गेला. बन्सीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाई आता उठणार, तेवढ्यात समोरच्या बोरीच्या जाळीतून एक कान बाहेर आला. खाच असलेला.

कानतुटी एक पाऊल आली, थांबली. आणखी एक आली. फोटोत कधी कळलं नव्हतं एवढी ती लहान होती, आणि तिची कातडी कशाने तरी सारखी थरथरत होती. तिच्या पोटाखालून चार काड्यांवर उभं असल्यासारखं एक पिल्लू आलं. त्याला ढुसणी देत दुसरं. तिने आप्पासाहेबांकडे पाहिलं, ओळखीचं झाड बघावं तसं, आणि पाण्याला तोंड लावलं.

आशाबाईंना समोरचं नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, तरी दिसेना.

मग बन्सी शिंकला.

तीन शेपट्या एकदम उडाल्या आणि जाळी मिटली. आप्पासाहेब ताडकन उभे राहिले.

"कोण हाय?"

"मी," आशाबाई दगडाआडून बाहेर आल्या. "गुडघे बरे दिसतात."

आप्पासाहेबांनी आधी रुमाल डोक्याला गुंडाळला. वेळ हवा होता म्हणून जरा जास्तच गुंडाळला.

"बाई, तुमाला दुपारचं झोपायला काय होतं?"

"बसा आप्पासाहेब. तुम्ही शेततळ्यातून नळी आणलीत. नळीला जाळी लावली नाहीत, म्हणून तुमचे मासे झऱ्यात आले आणि माशामागं खंड्या आला. पाणी दुपारी सोडता, कारण बन्सी सकाळी येतो. आणि काल मला सांगितलंत की कानतुटीला दोन झाली. मला माहीत नव्हतं, आप्पासाहेब. मला! तुम्हाला कुठून कळलं?"

आप्पासाहेब खाली बसले. नळीतून पाणी पडत होतं.

"मारायलाच आलो होतो," ते म्हणाले. "फाल्गुनात. गोफण घेऊन. झरा आटत आला होता. ही त्या तिथं चिखल चाटत उभी. पोट एवढं. गोफणीत दगड हुता, हात वर गेला." त्यांनी हात थोडा उचलून दाखवला, मग मांडीवर ठेवला. "आमच्या मंडळींनी एवढी वर्षं या झऱ्याची उंबरं खाल्ली. मग नळी टाकली. बास. येवढंच हाय."

"आणि कार्ड?"

"मी इथं रोज बसतो. हा डबा डोळा वटारून बघतो. आधी वाटलं, बघू दे. मग त्या पुढाऱ्याचं आठवलं. माझा अर्ज तहसिलात, पहिली सही माझी, आणि माझा फोटो हरणीसंगं मोबाइलवर! तालुक्यात तोंड कुठं दाखवू? झाकण उघडलं, काढलं." त्यांनी बंडीच्या खिशातून पानाची चंची काढली. सुपारीच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेलं नखाएवढं कार्ड होतं. "फेकणार होतो विहिरीत. फेकवंना. म्हटलं, यात पोरांचे पहिल्या दिवसाचे फोटो असतील."

"चेअरमनसाहेब," आशाबाई म्हणाल्या, आणि हा आवाज त्यांनी शाळा सुटल्यापासून वापरला नव्हता, "उद्या सोमवार आहे. उद्या तनुजा वन खात्यात लिहून देणार आहे की हे कार्ड बन्सीने काढलं. फासेवाल्यांना सामील म्हणून. त्याचा शर्ट जाईल आणि मागे पोलीस लागतील."

आप्पासाहेबांची मान झटक्यात वळली.

"बन्स्यानं? यानं?" ते बन्सीकडे बघत राहिले. "आरं, तू काल माझ्या दारात येऊन मोसंबी खाऊन गेला आन् बोलला नाहीस?"

"बाई बोलत होत्या," बन्सी म्हणाला. "मधी कसं बोलू?"

आप्पासाहेबांनी कार्ड पुन्हा फडक्यात गुंडाळलं, चंचीत ठेवलं आणि उठले.

"त्या पोरीला फोन लावा. म्हणावं, संध्याकाळी बाईंच्या घरी ये. आणि तुमी काय सांगू नका. मी सांगतो."

त्यांनी खरंच सांगितलं. आशाबाईंच्या ओसरीवर, तनुजासमोर उभं राहून, शाळेत धडा म्हणावा तसं, गोफणीपासून चंचीपर्यंत. बन्सीकडे बोट करून म्हणाले, "याचा काय संबंध नाय. माझं नाव लिवा. पूर्ण लिवा."

तनुजाने लॅपटॉप मांडीवर ओढला. "कार्ड परत मिळालं, आतलं सगळं शाबूत आहे, बन्सीचा काही दोष नाही, तुम्ही काढलं आणि तुम्हीच आणून दिलं. हे असंच लिहीन. नळीचंही लिहावं लागेल. आणि आप्पासाहेब, नळीला आधी जाळी लावा. मासे तिथले नाहीत."

"मासे माझे हायेत. मलाबी ते तिथं नकोत," आप्पासाहेब म्हणाले.

"आणि तहसिलातला अर्ज?" बाईंनी विचारलं.

"अर्ज राहू द्या. तो रोह्यांसाठी हाय."

कार्ड लावलं गेलं. कानतुटी दिसली, एकटी. मग जमिनीवर एक ओलं गाठोडं, शेजारी दुसरं. मग पहिल्यांदा उभं राहताना पडणारं पिल्लू, आणि पुन्हा पडणारं. मालनबाईच्या शेळ्याही होत्या, सावलीतल्या गारव्यात स्पष्ट, प्रत्येकीचं तोंड कॅमेऱ्याकडे. तनुजाने त्या बघितल्या, बाईंकडे बघितलं आणि पुढचं बटण दाबलं.

मग तो फोटो आला.

उंबराला टेकून आप्पासाहेब झोपले होते. तोंड उघडं, रुमाल मांडीवर. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर एक पिल्लू पाय दुमडून बसलेलं. पाण्याशी वाकलेल्या कानतुटीने मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं, जणू आवाज करू नका असं सांगायला.

बन्सीने नाक ओढलं.

"मी झोपलो होतो व्हय?" आप्पासाहेब शेवटी म्हणाले. "एवढ्या जवळ आलं होतं?"

"आमचा एक नियम आहे," आशाबाई म्हणाल्या. "माणूस दिसला की फोटो पुसायचा. मीच पुसते. त्या पुढाऱ्याच्या फोटोपासून. हे बाहेर कधीच गेलं नसतं, आप्पासाहेब."

"म्हंजी मी उगाच चोरलं?"

"अगदी उगाच."

आशाबाईंनी बोट पुसायच्या बटणावर ठेवलं. आप्पासाहेब पुढे सरकले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावरच्या त्या पिल्लाकडे बघत राहिले. बाहेर ऊन उतरलं होतं. बन्सीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"पुसू?"

"पुसा," आप्पासाहेब म्हणाले. "नियम म्हंजी नियम." मग थोड्या वेळाने, पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाई, उद्या पुसा."